कॉन्रॅड दिन

"मेला म्हणून मी लिहून देणार नाही," लूर्डसमावशी म्हणाली आणि तिने सुमेधच्या पुढ्यातला कप उचललासुद्धा. त्यात अजून अर्धा चहा होता.

सुमेध महापालिकेच्या सांस्कृतिक विभागातला. सांडोरच्या या घरी त्याच्या चपला झिजायच्या बाकी होत्या. मावशीचा नवरा कॉन्रॅड म्हणजे लग्नगीतांचा राजा. त्याने गळ्यातल्या घुमटावर, त्या मातीच्या वाद्यावर, थाप मारली की मांडवातल्या म्हाताऱ्याही उठून नाचायच्या. त्याच्या नावाने महापालिकेने दरवर्षी 'कॉन्रॅड दिन' करावा, असं गावोगावचं म्हणणं. पण हयात माणसाच्या नावाने दिवस करायचा नाही, असा नियम. आणि कॉन्रॅड वीस वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला गेला तो परतलाच नव्हता. निदान लूर्डसमावशी तरी असं सांगायची.

"मावशी, एवढी वर्षं झाली. आता कुठले यायला ते?"

"येईल. तुला कसली घाई?"

"बरं, पुतळा तरी बसवू. तुमच्याच वाडीत, मागे त्या केळींपाशी."

"तिथे कुदळ लागायची नाही!" मावशी केवढ्यांदा ओरडली. कप हातातून निसटला. तिच्या उजव्या हाताची बोटं वाकडी होती.

"हाताला काय झालं?" सुमेधने विचारलं.

"कॉन्रॅडचा हात काही घुमटावरच पडायचा असं नाही."

सुमेधचं लक्ष कुठे होतं! तो वाडीच्या टोकाला बघत होता. तिथे केळींआड एक खोपी होती, आणि बोलताना मावशीची नजर सारखी तिकडेच जायची. इथे नक्की पाणी मुरतंय. म्हातारा त्या खोपीतच दडला असणार. गावाला मूर्ख बनवून मजेत केळी खात बसलाय लेकाचा!

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी तो न सांगता आला. मृतांचा दिवस होता. सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला चर्चकडे निघालं होतं. मावशी मात्र पदराखाली काहीतरी झाकून वाडीत शिरली. नवऱ्याचं जेवण, दुसरं काय! सुमेध दबकत तिच्या मागे गेला.

केळींआडून तिचा आवाज आला.

"गा ना आता! का रे, काय झालं? गा की!"

सापडला! सुमेध पानं बाजूला सारत धावला.

खोपीत दोन फावडी आणि फुटक्या टोपल्या होत्या. मावशी केळीच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसली होती. वाकड्या बोटांनी तिने कपाळावर क्रूस काढला. तिच्यासमोर, मातीत, एक मेणबत्ती जळत होती.