टबातले पाय

"माझ्या वडिलांनी ही वायनरी उभी केली ती अशी, द्राक्षं पायांनी तुडवून!" तात्यांचा मुलगा माइकवरून रंगवून सांगत होता. शेजारच्या लाकडी टबात शहरातून आलेले पाहुणे खिदळत घडांवर नाचत होते.

खुर्चीत बसलेल्या तात्यांना शिसारी आली. पहिल्या हंगामापासून त्यांनी रस यंत्रानेच काढला होता. बागेत गळालेल्या मण्याला चुकून पाय लागला, तरी वाकून नमस्कार करायचा, ही या घरची रीत. आणि इथं घडच्या घड टाचांखाली फुटत होते.

"या रसाचं काय करता रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"गटारात सोडतो, तात्या. पायाखालचा रस कोण पिणार?"

तात्या तिरमिरीत उठले. टबापाशी वाकून त्यांनी चिरडलेल्या द्राक्षांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. पाहुणे नाचायचे थांबले. मुलानेही मान खाली घातली. पोराला लाज वाटली, असं तात्यांना वाटलं.

पुढच्या शनिवारी मुलगा भगवा फेटा घेऊन आला. "तात्या, आज तो नमस्कार जरा सावकाश करा. मागच्या वेळी लोकांना फोटो घेता आले नाहीत."