शेवटच्याच्या मागे

दर रविवारी सकाळी आम्ही मुलुंडहून बदलापूरपलीकडच्या नदीखोऱ्यात सायकलींवर जातो. सगळ्यांत पुढचा "खड्डा!" ओरडतो आणि प्रत्येकजण मागच्यासाठी तेच ओरडतो. शेवटचा गप्प राहतो, कारण त्याच्या मागे कोणी नसतं.

शेवटी धर्मा असायचा. गेल्या वर्षी खड्ड्यात आदळून गेला. श्रद्धांजलीचा बॅनर दुसऱ्या दिवशी लागला. खड्डा अजून आहे.

आता शेवटी मी असतो.

आज त्याच खड्ड्यापाशी मी गप्प राहिलो, आणि माझ्या मागून धर्माच्या आवाजात आलं, "खड्डा!"

"आता कोणाला सांगतोस रे?" मी चिडून विचारलं.

त्याच्या मागून एक बाई ओरडली, "खड्डा!" मग एक म्हातारा. मग एक लहान पोर. हाक एकेकाच्या तोंडून मागे मागे जात राहिली, पार टेकडीपलीकडे.