जैतुनावरचं घरटं

फातेह झाडाखाली मान वर करून उभा होता आणि तिसऱ्या मजल्यावर बूआलमचा जीव टांगणीला लागला होता.

अल्जिअर्सच्या त्या गल्लीत जवळपास प्रत्येक सज्जात मकनीनचा पिंजरा. लाल तोंडाचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. त्याच्या गळ्यापायी माणसं वेडी. त्या वेडानेच शहरातले मोकळे मकनीन संपवले. एक जोडी तेवढी उरली होती, खाली अंगणातल्या जैतुनावर, घरट्यात पिल्लं घेऊन. बूआलमने हे बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. पण मेला नर सकाळपासून गात सुटला होता, आणि फातेहचा धंदाच पाखरं धरण्याचा.

"काका, झाडावर कुणीतरी आहे वाटतं," फातेह खालून म्हणाला.

"कुणी नाही. माझाच गातोय. वर ये, ऐकवतो."

वर येऊन फातेह निवांत कॉफी प्याला. बूआलमच्या पिंजऱ्यातल्या सुलताननेही लाज राखली, झाडावरच्यापेक्षा सरस तान घेतली. फातेहने मान डोलावली, पण नजर खिडकीबाहेरच. मकनीन धरायला कायद्याने बंदी, पण त्याची भीती घालावी तर तो हसला असता. बूआलमने एकदम पिंजरा काढला आणि त्याच्या हातात दिला. पोटच्या पोरासारखा वाढवलेला पक्षी.

"किती वर्षं मागतोयस. ने. पण या अंगणात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

"तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी, काका?" म्हणत फातेह जिना उतरला.

थोड्या वेळाने वर्दियाने सज्जातून नवऱ्याला हाक मारली. फातेहने पिंजरा जैतुनाच्या खालच्या फांदीला टांगला होता आणि भोवतीच्या काटक्यांना चीक फासत होता. मकनीन धरायची रीत उभ्या गल्लीला ठाऊक होती: गाणारा पक्षी टांगायचा, की त्याला हुसकायला मोकळा नर आपण होऊन खाली येतो आणि चिकटतो.

"तुम्हीच दिलंत की आमिष त्याच्या हातात," वर्दिया म्हणाली.

बूआलम सज्जात धावला. सुलतान अजून गप्प होता, नव्या जागी बावरलेला. वरचा नर घरट्याच्या काठावर थांबून खाली बघत होता.

बूआलम कठड्यावरून ओणवला. "गाऊ नकोस रे, लेकरा," तो काकुळतीने म्हणाला.

धन्याचा आवाज कानावर पडताच सुलतानने मान उंचावली, गळा फुगवला आणि मन लावून गाऊ लागला.