पूर्वेच्या टोकाचा कोळसा

“आंधळीची लेक डोळ्यांच्या कामाला! घ्या, घ्या. उद्या बहिऱ्याला भोंग्यावर बसवू.”

मुकादम कारकुनाच्या कानात पुटपुटला. पण पट्ट्याच्या खडखडाटाशेजारी जन्म गेलेल्या माणसाचं पुटपुटणं ते, फाटकापर्यंत ऐकू गेलं. समोर उभ्या असलेल्या बाईने तर ऐकलंच. तिने नुसत्या बाह्या वर सारल्या.

खाण बंद होऊन वर्षं लोटली होती. खाणीतून बाहेर टाकलेल्या दगडमातीचा काळा डोंगर मात्र उरला होता, आणि आता त्यातूनच कोळसा काढायचं काम निघालं होतं. माल धुऊन पट्ट्यावर यायचा, दोन्ही बाजूंच्या बायका त्यातला दगड वेचून काढायच्या. एक जागा रिकामी होती. बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात दोन पोरं. तिला ती जागा हवीच होती.

मुकादमाने दहा खडे पुढ्यात टाकले. तिने एकेक तळहातावर झेलून पाहिला, कोळसा इकडे, दगड तिकडे. एकही चुकला नाही.

“आज जमलं गं,” मुकादम म्हणाला. “पण वळण शेवटी आईचंच ना?”

तिची आई खाणीच्या पट्ट्यावर होती. दगडाबरोबर चांगला कोळसाही फेकते, म्हणून तिला काढून टाकलं. ‘आंधळी’ हे नाव तेव्हापासूनचं. मरेपर्यंत तिने त्यावर कधी तोंड उघडलं नाही. घरी मात्र दिवेलागणीला बिनचष्म्याची सुईत दोरा ओवायची. लेकीला ते कोडं कधी सुटलं नाही.

तेवढ्यात साहेब धापा टाकत आले. हातात तपासणीचा कागद.

“अहो, पूर्वेच्या टोकाला निम्मा कोळसाच आहे! बाकी डोंगरात दहात एक खडा मिळत नाही. तिकडे कोण टाकायचं?”

मुकादमाचा चेहरा खुलला. “हिची आई, साहेब! तिची ढकलगाडी तिकडेच रिकामी व्हायची. आता तुम्हीच काय ते ठरवा.”

साहेबांनी बाईकडे पाहिलं, मग कागदाकडे. “मग अवघडच आहे,” ते हळू आवाजात म्हणाले.

पट्ट्यावरच्या म्हाताऱ्या तिच्या आईच्या जोडीच्या. एरवी एकीच्याही जिभेला हाड नाही. आज सगळ्यांच्या माना खाली. बाई जायला वळली.

आणि पट्टा थांबला.

थांबवायची दोरी ओढायची ती कुणाचा हात अडकला तरच. सगळे धावले. दोरी सगळ्यांत थोरल्या मावशीने धरली होती. हात दोन्ही धड होते.

“मावशी, काय झालं?”

“घारीची नजर होती तिची, मेल्यांनो! संध्याकाळी त्या टोकाला आम्ही पाट्या घेऊन कोळसा वेचायला जायचो, न्यावा तेवढा उरायचाच. आमच्या चुली पेटाव्यात म्हणून टाकायची ती.” दोरी मावशीने अजून सोडली नव्हती. “आणि तिला काढलं, तेव्हा आमच्यातली एकही बोलली नाही.”