वायफायचं नाव

लिओनीच्या बंद घराच्या कुंपणापाशी डुल्सी आजीने फोन उघडला आणि लगेच मातीत पालथा टाकला. वायफायच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं ते लिओनीच्या वारलेल्या पोरीचं.

ते नाव मी इथे सांगणार नाही. आमच्यात माणूस गेला की त्याचं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर जाणाऱ्याचा पाय मागे ओढला जातो. आणि ह्या पोरीने घरात वायफायचा डबा बसवला तेव्हा त्याला चक्क स्वतःचं नाव ठेवलं होतं! सगळ्या वस्तीला कळावं म्हणे, कुणाच्या जिवावर चाललंय ते. आता कुंपणाजवळ येईल त्याच्या फोनवर ती हजर.

"क्लिफ्टन, उपटून टाक तो डबा," आजी म्हणाली.

क्लिफ्टन लिओनीचा भाचा, वस्तीच्या दुकानात कामाला. "आत जाऊ कसा? घराला धूर दिलाय, आता पाऊल टाकायचं नाही, तूच म्हणालीस. शिवाय नेट गेलं तर लांबच्या नातेवाइकांना दफनाचा दिवस कळवायचा कसा?"

"मग इथून नाव बदल."

"बदललं तर एकेकाचा फोन नव्याने जोडत बसावं लागेल. त्यापेक्षा नाव लपवतो. डबा चालेल, पण नाव काही सांगणार नाही. आपल्यासारखाच गप्प." त्याने फोनवर खटपट केली. "बघ आता."

आजीने फोन उचलून माती पुसली. यादीत नाव नव्हतं. तिने हुश्श केलं.

लिओनी कुंपणाबाहेर घोंगडीवर बसली होती. केस मुळापासून कापलेले, अंगाला पांढरी माती. पोटचं पोर गेलेली आई आमच्यात बोलत नाही, हातांनीच सांगते. तिने हात हलवले: डबा गप्प, मग फोनला तो सापडतो कसा?

"फोनच हाक मारतो, मावशी," क्लिफ्टन म्हणाला. त्याला वाटलं, साधा प्रश्न आहे. "आपले फोन जुने ना. जिथे जातील तिथे नाव घेऊन विचारत सुटतात, आहेस का, आहेस का? डबा जवळपास असला तर ओ देतो."

आणि मग त्याने जीभ चावली.

"म्हणजे?" आजी कडाडली. "आम्ही तोंडं शिवून बसायचं आणि तुमचे फोन गावभर तिचं नाव घेत फिरणार? सुखाने जाऊ द्याल की नाही लेकराला?"

"कुणाला ऐकू येत नाही, आजी."

"तिला येत असेल तर? बदल म्हणते ना! सगळ्यांचे फोन जोडत बस, रात्र झाली तरी चालेल."

क्लिफ्टन फोनकडे वळला, तेवढ्यात लिओनीने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने तिने आजीला खूण केली. नको. मग तीच खूण परत केली.

आजीनेही एक लेक पुरली होती.

"दफनापर्यंत," ती शेवटी म्हणाली. "त्यानंतर एक दिवसही नाही."

लिओनी उठली. आपला फोन हातात धरून ती तांबड्या रस्त्याने चालत गेली, पाण्याच्या टाकीच्याही पलीकडे, फोनवरची वायफायची खूण विझेपर्यंत. मग वळली आणि ओठ घट्ट मिटून घराकडे यायला लागली. कुंपणापाशी पोचली तशी पडद्यावरची छोटी कमान उमटली, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. बंद घरातून ओ आली होती.

क्लिफ्टन तिला बसवायला पुढे झाला. आजीने त्याला हाताने अडवलं.

लिओनी पुन्हा टाकीकडे निघाली होती.