पन्नास मैल

दिघीच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर डांबराचे गोळे येऊन पडत. तेलाच्या बोटी आपल्या टाक्या समुद्रातच धुवायच्या, त्याची ही घाण. अमिरुन्निसा रोज सकाळी ते गोळे पाटीत वेचायची. म्हातारीमुळे आपली जाळी वाचतात, असं कोळी कौतुकानं म्हणायचे. तिचा एकुलता एक लेक ताजुद्दीन अशाच एका बोटीवर खलाशी होता. तीन वर्षांत त्याचं पत्र नव्हतं.

एक दिवस धर्माजी कोळी शाळेच्या मास्तरांकडून खबर घेऊन आला. "चाची, सुटलीस गो! सगल्या देशांनी मिलून कायदा केलाय. बोटींनी पन्नास मैलांच्या आत घाण टाकायची न्हाय."

"पन्नास मैलांवरची बोट इथून दिसते का रे?"

"बोट कुठली? तिचा धूरपन दिसायचा न्हाय."

हळूहळू गोळे यायचे थांबले. जाळी स्वच्छ निघू लागली. अमिरुन्निसा मात्र रोज रिकामी पाटी घेऊन किनाऱ्यावर यायची.

"आता काय शोधतेस गो?" धर्माजीनं हसत विचारलं.

तिनं पदराची गाठ सोडून घड्यांवर विरलेलं लेकाचं शेवटचं पत्र काढलं. वाचता येत नव्हतं, पण पाठ होतं. कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, "अम्मा, काल टाक्या धुताना जंजिऱ्याचे बुरूज दिसले. उतरता आलं नाही. किनाऱ्याला काळं लागलं की समज, तुझा ताजू इथून गेला."