बायनाबाईच्या जर्शीचा बिल्ला

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या दिनकररावांनी खोक्यातून यंत्र बाहेर काढलं, तशी बायनाबाई पुढं सरकली. यंत्र विजेरीएवढं, पण तिची जर्शी दावणीला राहणार की सरकारी गाडीत चढणार, हे आता तेच सांगणार होतं. दूध संस्थेचे चेअरमन माणिकराव यांनी वर कळवलं होतं, की बाईनं सरकारी योजनेतून मिळालेली गाय बाजारात विकली आणि भलतीच आणून बांधली. यंत्र मागच्याच आठवड्यात यायचं, पण नामांतरावरून झालेल्या बंदमुळं रस्ते अडले.

दिनकररावांनी तालुक्याच्या गावी, पालमला रात्रभर चार्ज केलेली बॅटरी बसवली. कागद वाचून एक बटण दाबलं, मग दुसरं. सोबत आलेला नमुन्याचा बिल्ला समोर धरला. यंत्र टिटवीसारखं ओरडलं आणि काचेत आकडे उमटले.

"चालू झालं," ते खुशीत म्हणाले. "आता हिच्या कानातला बिल्ला बोलला की मिटलं."

यंत्र जर्शीच्या कानाजवळ गेलं. आवाज नाही. दुसऱ्या बाजूनं धरलं, तरी नाही. गाय मान झटकत होती.

"मी म्हनलं नव्हतं का?" शेजारी उभे असलेले माणिकराव म्हणाले.

तेवढ्यात दिनकररावांचं लक्ष शिंगाकडं गेलं. काळ्या दोऱ्यात ओवलेला बैलाच्या नालाचा तुकडा अगदी कानावर लोंबत होता. "हे आधी काढा, बाई. लोखंडाजवळ यंत्र मुकं होतं."

बायनाबाईचा हात दोऱ्याकडं गेला आणि थांबला. नाल तिनं नजर लागू नये म्हणून बांधला होता, आणि ज्याच्या नजरेची धास्ती तो माणूस समोरच उभा. गेल्या साली तिच्या म्हशीला बघून 'लय दूध देती की' एवढंच माणिकराव म्हणाले होते. त्याच आठवड्यात म्हैस आटली.

"सोडते," ती म्हणाली. "पण आधी मालकानं तोंड तिकडं करावं."

अंगणात जमलेल्या गावकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. चेअरमनला असं सांगायची गावात कुणाची टाप नव्हती, हिची तर नव्हतीच. आपणच बोललो हे तिलाही खरं वाटेना.

"येडी झालीस का, बायना?" माणिकराव हसले. "मी असलं काही मानत न्हाई."

"मानत न्हाई तर फिरायला काय जातंय?"

फिरावं, तर आपली नजर वाईट हे गावासमोर कबूल. न फिरावं, तर आपणच मागवलेली तपासणी आपणच अडवली. माणिकरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"लवकर ठरवा, माणिकराव," दिनकरराव म्हणाले. "लाल दिवा लागलाय. बॅटरी बसायलीय."

माणिकराव फिरले. लिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभे राहिले.

बायनाबाईनं गाठ सोडली. यंत्र कानाशी जाताच ओरडलं. दिनकररावांनी आकडे मोठ्यानं वाचले, कागदाशी ताडून पाहिले. "हीच गाय. योजनेचीच हाय."

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ते पुसायच्या आधी तिनं दोरा परत शिंगाला गुंडाळला आणि गाठ ओढून बघितली.

"झालं का?" माणिकरावांनी झाडाकडंच बघत विचारलं.

"थांबा, मालक," कासेखाली चरवी सरकवत ती म्हणाली, "धार काढायची राह्यलीय."